तार नसलेलं घर आणि न आलेला टँकर

हे प्रकरण १४ ते १६ ऑगस्ट २००३ या तीन दिवसांचं, ईशान्य अमेरिकेतली वीज गेली तेव्हाचं आहे. जागा अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातली गिऑगा काउंटी, आणि घर एका आमिश, म्हणजे जुनी साधी राहणी जपणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या, दूधवाल्या शेतकऱ्याचं. त्यांची नावं इथे नाहीत, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. वडलांना मी ‘थोरले’ म्हणेन, शेत चालवणाऱ्या मुलाला ‘धाकटे’. मी स्वतः यात तटस्थ नव्हते. मी मक्याच्या शेतापलीकडची शेजारीण, हातात पातेलं घेऊन त्यांच्या अंगणात उभी असलेली. वेळा आणि आकडे मागाहून त्या घरातल्यांशी बोलून जुळवले आहेत.

पार्श्वभूमी

गिऑगा भागात आमिश लोक १८८६ पासून राहतात. मिडलफील्ड हे त्यांचं बाजाराचं गाव. क्लीव्हलंड शहर तिथून साधारण ६५ किलोमीटरवर. आज या वसाहतीत वीस हजारांच्या आसपास माणसं आहेत. आमिश म्हटलं की शेतकरीच, असं आपण धरून चालतो. इथे तसं नाही. बहुतेक पुरुष सुतारकामाच्या टोळ्यांत किंवा रबर-प्लास्टिकच्या कारखान्यांत जातात. माझे पती अशाच एका कारखान्यात इंजिनिअर होते आणि धाकट्यांचा भाऊ त्यांच्याच पाळीत होता. ओळख झाली ती तिथून.

दुसरा गैरसमज जास्त महत्त्वाचा आहे: आमिश लोक वीज वापरत नाहीत. त्यांनी नाकारली ती बाहेरून घरात येणारी तार. १९२० च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या धर्मप्रमुखांनी सार्वजनिक वाहिनीची वीज घ्यायची नाही असं ठरवलं, पण बॅटरीला हरकत घेतली नाही. तार आली की तिच्यामागून बाकीचं जग घरात येईल, ही त्यांची धास्ती. ज्याला ते ऑर्डनुंग म्हणतात ती मंडळीची, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या स्थानिक घरांच्या गटाची, नियमावली प्रत्येक मंडळीगणिक थोडी वेगळी असते. एका मंडळीत पंचवीस ते चाळीस घरं. काय चालेल आणि काय नाही हे वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या विधीच्या आधी, सगळ्यांसमोर बोलून घेतलं जातं.

थोरल्यांच्या शेतावर याचं रूप असं होतं. गोठ्याला लागून एक छोटी खोली, तिच्यात डिझेल इंजिन. त्याच्या पट्ट्यावर तीन कामं: धारा काढायच्या यंत्राचा व्हॅक्यूम पंप, दूध थंड करणारा कॉम्प्रेसर, आणि हवा दाबून टाकीत भरणारा दुसरा कॉम्प्रेसर. त्या दाबलेल्या हवेवर विहिरीचा पंप चाले आणि पाणी उंचवट्यावरच्या सिमेंटच्या टाकीत चढे. तिथून खाली घरात आणि गोठ्यात ते आपोआप उतरे. पवनचक्कीही होती, पण ऑगस्टच्या कोंदट हवेत तिचं पातं हलत नव्हतं. स्वयंपाकघरात गॅसवर चालणारा फ्रिज, गॅसचेच दिवे. दुधासाठी आपल्याकडे संकलन केंद्रावर असतो तसा बल्क कूलर, २,००० लिटरचा. त्यात दूध ढवळत ठेवणारं पातं १२ व्होल्टच्या बॅटरीवर चाले. ही बॅटरी लक्षात ठेवा.

गाई ३४. एका वेळेचं दूध सुमारे ३७० लिटर. डेअरीचा टँकर एक दिवसाआड सकाळी येई. रविवारी कधीच नाही.

वीज कशी गेली

१४ ऑगस्टला, गुरुवारी, दुपारी २ नंतर ओहायोतल्या एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारी संगणक यंत्रणा बंद पडली, आणि ती बंद आहे हेच कोणाला कळलं नाही. त्यानंतर ३ ते पावणेचारच्या दरम्यान ३४५ किलोव्होल्टच्या तीन वाहिन्या वाढलेल्या झाडांना टेकून एकामागून एक बाद झाल्या. भार उरलेल्या वाहिन्यांवर गेला, त्याही बाद झाल्या. ४ वाजून १० मिनिटांनी अमेरिकेची आठ राज्यं आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत यांतली सुमारे ५ कोटी माणसं अंधारात गेली. क्लीव्हलंडला ईरी सरोवराचं पाणी उचलणारे पंपही थांबले. शहरात आधी दिवे गेले आणि मागोमाग नळ.

आमच्या घरात मात्र सगळ्यात आधी गेला तो नळच. खेड्यात प्रत्येकाची स्वतःची बोअर असते, पंप विजेवर. दाबाच्या टाकीत तीसचाळीस लिटर पाणी उरलं होतं, ते भांडी विसळण्यात संपल्यावर आम्हाला उमगलं की आपलं पाणी म्हणजे आपली वीजच. फ्रिजमध्ये दोन दिवसांपूर्वीच्या नारळी पौर्णिमेचा नारळीभात होता आणि सांगलीहून आलेल्या सासूबाईंच्या इन्सुलिनच्या चार कुप्या.

प्रश्न काय होता

संध्याकाळी सातच्या सुमारास थोरल्यांच्या अंगणात पाच-सहा गाड्या उभ्या होत्या. साडेआठपर्यंत अठरा घरांतली माणसं येऊन गेली. कोणाला पाणी हवं होतं, कोणाला बर्फ. दोघं-तिघं निव्वळ फोनसाठी आले होते. आमिश घरात फोन ठेवत नाहीत, शेताच्या तोंडाशी एका लाकडी खोक्यात ठेवतात. तो साधा, वायरचा. टेलिफोन केंद्राच्या बॅटऱ्यांवर तो चालू राहिला. आमच्या सगळ्यांच्या घरी कॉर्डलेस, म्हणून आमचे मुके. मोबाइलला लाइन मिळत नव्हती. ज्यांना आपण मागास समजतो त्यांच्या खोक्यापुढे ऑफिसच्या कपड्यांतली माणसं रांगेत उभी होती, मीही त्यातच.

धाकट्यांसमोर मात्र वेगळंच गणित होतं. डिझेलच्या टाकीत १४० लिटर उरलं होतं आणि पुढची गाडी सोमवारी यायची होती. रोजचा खर्च सुमारे २५ लिटर. शेजाऱ्यांसाठी पाणी उपसायचं तर आणखी सहा-सात. पेट्रोल पंपावरचे पंपही विजेवरचे, तिथे काही मिळणार नाही. त्यांनी गोठ्याच्या दारावर खडूने हिशेब मांडला: जेमतेम सोमवार गाठता येईल, तोही सोमवारची गाडी आली तर.

दुधाचं गणित याहून अवघड होतं. टँकर बुधवारी सकाळी रिकामं करून गेला होता. शुक्रवारी सकाळच्या धारांनंतर कूलरमध्ये १,४८० लिटर होणार. संध्याकाळी १,८५०. शनिवारी सकाळी दूध मावणार नाही. आणि दूध नेणाऱ्या प्रक्रिया केंद्रात वीज नाही, म्हणजे टँकर निघणार नाही. त्या शेतावर एक दिवा कमी झाला नव्हता की एक गाय तहानलेली नव्हती. तरी संकट होतंच, फक्त ते दीड दिवस उशिरा, टँकरच्या वाटेने येणार होतं.

कोणते पर्याय समोर होते

पाण्याबद्दल फार चर्चा झाली नाही. ३४ गाईंना त्या उन्हाळ्यात रोज तीन-साडेतीन हजार लिटर पाणी लागे, वर घोडे. अठरा घरांना पिण्या-स्वयंपाकापुरतं दिलं तरी हजार-बाराशे. धाकट्यांच्या मते पवनचक्की फिरेपर्यंत घरटी एक कॅन पुरे. थोरले म्हणाले, पाणी मोजायचं नाही, इंजिन मोजायचं: इंजिन धारांसाठी चालू असेल तेव्हाच पाणी उपसा, वेगळं लावू नका. कॉम्प्रेसर त्याच पट्ट्यावर होता. जास्तीचं डिझेल सहा-सातऐवजी दोन-तीन लिटरवर आलं. या प्रकरणातला मला सर्वांत हुशार वाटलेला निर्णय हाच, आणि तो पाच मिनिटांत झाला.

दुधाबद्दल मात्र रात्री दहापर्यंत बोलणं चाललं. धारा काढायच्याच नाहीत हा पर्यायच नव्हता. एक वेळ चुकली तरी कास दगडी होऊ शकते. जास्तीचं दूध ओतून द्यावं? डुकरांना आणि वासरांना घालावं? जुन्या कॅन बाहेर काढून, घोडागाडीने चीज कारखान्यात न्यावं? तिथेही अंधार. घरी चीज करावं? चूल आणि मोठी कढई होती, पण मोठ्या प्रमाणावर चीज लावलेलं फक्त आजीबाईंना आठवत होतं.

आणि एक पर्याय आम्ही शेजाऱ्यांनी समोर ठेवला: आम्हाला द्या. एकजण पैसे काढूनच उभा राहिला. थोरल्यांनी मान हलवली. ओहायोत कच्चं दूध ग्राहकाला थेट विकायला कायद्याने मनाई आहे, आणि डेअरीचा करार मोडला तर पुढचं सगळं दूध अडकणार. मी म्हटलं, आम्ही उकळल्याशिवाय दूध घेतच नाही, आमच्याकडे सगळेच उकळतात. ते खरं असलं तरी त्यांच्या अडचणीचं उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने घरातल्या बाईंनी स्वतःच्या घरखर्चाच्या दुधातलं एक पातेलं चुलीवर उतू जाईपर्यंत तापवलं आणि लहान मुलं असलेल्या तीन घरांना वाटून दिलं. विक्री नाही, कूलरला हात नाही. यावर कोणी काही बोललं नाही, थोरलेही नाहीत.

तिसरा प्रश्न जनरेटरचा. लोखंडी गेट सांधायला म्हणून धाकट्यांकडे वेल्डिंगपुरता एक छोटा पेट्रोल जनरेटर होता. रस्त्यापलीकडच्या एका गृहस्थांच्या तळघरात पाणी झिरपायचं. उपसणारा पंप थांबला तर सकाळपर्यंत गुडघाभर पाणी. त्यांनी रात्रीपुरता जनरेटर मागितला. नियमाच्या दृष्टीने त्यात वावगं नव्हतं. नियम आमिश घरात काय यावं यासाठी, शेजाऱ्याच्या तळघरासाठी नाही. धाकट्यांनी तो ढकलगाडीवर घालून दिलासुद्धा. तेव्हा कोणाच्याही डोक्यात एक साधी गोष्ट आली नाही: इंजिनवर बॅटरी भरण्याची सोय महिन्यापूर्वी बिघडली होती, आणि कूलरची बॅटरी त्याच जनरेटरवर भरली जात होती.

इन्सुलिनची एक बाजूची गोष्ट

सासूबाईंच्या कुप्या आम्ही त्यांच्या गॅसच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. खरं तर उघडलेली कुपी साध्या खोलीत महिनाभर टिकते. घाई न उघडलेल्यांचीही इतकी नव्हती. पण घाबरल्यावर माणूस पाकिटावरचं वाचत नाही. सासूबाई त्या स्वयंपाकघरात दोन तास बसल्या. गॅसबत्तीची जाळी पाहून म्हणाल्या, “अगं, ही तर आपल्या लग्नातली पेट्रोमॅक्स.” तिथली सहा वर्षांची नात त्यांना एकेरी नावाने हाक मारत होती, आमिश लोक वडीलधाऱ्यांनाही ‘श्री’, ‘श्रीमती’ लावत नाहीत. ते त्यांनी गोड मानून घेतलं. पण आमिश नसलेल्या प्रत्येकाला तिथे ‘इंग्लिश’ म्हणतात हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, आणि ती सकाळ होती १५ ऑगस्टची. “छप्पन वर्षांपूर्वी घालवले त्यांना,” त्या म्हणाल्या, “आणि आज मीच इंग्लिश!”

काय केलं, आणि पहाटेची चूक

गुरुवारच्या धारा नेहमीप्रमाणे झाल्या. इंजिन अडीच तास चाललं, दूध थंड झालं, उंचवट्यावरची टाकी भरली. रात्री सगळे झोपले. मधल्या कधीतरी कूलरचं पातं मंदावत थांबलं.

शुक्रवारी पाचला धाकटे गोठ्यात आले तेव्हा कूलर शांत होता. तो आवाज इतका सवयीचा की आवाज नसणंच त्यांना आधी जाणवलं. झाकण उघडलं तर वर सायीचा जाड थर. खालचं दूध गार होतं. पण सकाळच्या धारा सुरू करायच्या म्हणजे ३५ अंशांचं ताजं दूध या न ढवळलेल्या थंड दुधावर पडणार, वर कोमट राहणार आणि तळाशी, गार पत्र्याला लागून गोठायला लागणार. डेअरीच्या दर्जासाठी धारा संपल्यावर दोन तासांत दूध ७ अंश सेल्सिअसच्या आत यावं लागतं. गाई मात्र थांबणाऱ्या नव्हत्या.

जनरेटर परत आणायला एक मुलगा पळाला. तिकडे त्यातलं पेट्रोल रात्री तीनलाच संपलं होतं, आणि डब्यात दुसरं नव्हतं. मग उरली माणसं. कॅनमधलं दूध ढवळायचा स्टीलचा लांब दांडा गरम पाण्याने धुऊन घेतला आणि आळीपाळीने कूलर हाताने ढवळायला सुरुवात झाली. मी साडेसहाला पाण्याला गेले तेव्हा थोरले ढवळत होते. त्यांच्यानंतर मी वीस मिनिटं ढवळलं. ताक घुसळण्यासारखं असेल असं वाटलं होतं. तसं अजिबात नव्हतं. हजार-दीड हजार लिटर दूध जागचं हलवायचं म्हणजे विहिरीत वल्हं मारण्यासारखं. खांदे भरून आले. वरच्या थरात थर्मामीटर १३ दाखवत होता.

सात वाजता धाकट्यांची बायको बग्गीखालून बाहेर आली, हातात बॅटरी. त्यांच्या बग्ग्यांना रात्रीच्या दिव्यांसाठी १२ व्होल्टची बॅटरी असते. दोन तारा, दोन चिमटे. पातं फिरायला लागलं. दोन तास हातांनी चाललेलं काम ज्या बॅटरीने संपलं, ती गोठ्यापासून तीस पावलांवर उभी होती. पण ती ‘बग्गीची’ होती, म्हणून पुरुषांपैकी कोणाच्या नजरेतच आली नव्हती. साडेआठला दूध ६ अंशांवर आलं, दहाला ३ वर.

टँकर आला नाही. वीज आमच्या रस्त्यावर शुक्रवारी दुपारी परतली. प्रक्रिया केंद्र चालू व्हायला आणखी वेळ लागला. डेअरीने लाकडी खोक्यातल्या फोनवर निरोप ठेवला: शनिवारी, दुपारच्या आत. शनिवारी सकाळचं दूध १५० लिटर कूलरमध्ये मावलं. उरलेलं २२० लिटर जुन्या कॅनमध्ये, गार पाण्याच्या हौदात. त्यातलं अर्धं वासरांना आणि डुकरांना गेलं. अर्ध्याचं आजीबाईंनी चीज लावलं. ते रबरासारखं झालं आणि सगळ्यांनी निमूट खाल्लं.

टँकरवाल्याला सांगायचं का?

शनिवारी अकराला टँकर आला. चालकाने तापमान पाहिलं: ३ अंश. वास घेतला, नमुना घेतला. त्याच्या बाजूने काम झालं होतं. शुक्रवारी पहाटे दोनेक तास वरचा थर १३ वर होता हे कोणत्याही कागदावर नव्हतं. सांगितलं तर पूर्ण २,००० लिटर नाकारलं जाण्याची शक्यता. न सांगता ते टँकरमध्ये दुसऱ्या पाच-सहा शेतांच्या दुधात मिसळलं आणि पुढे खराब निघालं, तर सगळ्यांचं जाणार.

धाकट्यांनी सांगितलं. चालकाने फोन लावला, अर्धा तास उत्तर आलं नाही. मग असं ठरलं की दूध टँकरच्या वेगळ्या कप्प्यात घ्यायचं आणि तपासणी होईपर्यंत बाजूला ठेवायचं. सोमवारी ते पास झाल्याचं कळलं. मी धाकट्यांना नंतर विचारलं की नाकारलं असतं तर? ते म्हणाले, दोन दिवसांचे पैसे गेले असते. एवढंच. ते सहज बोलत होते, पण त्यांच्या बायकोने मला नंतर सांगितलं की शनिवारची रात्र ते झोपले नव्हते.

निष्पत्ती

सोमवारी डिझेलची गाडी आली तेव्हा टाकीत ५० लिटरच्या आसपास होतं. नुकसान म्हणजे २२० लिटर दूध आणि तळघरवाल्या गृहस्थांचा गालिचा. अठरा घरांना तीन दिवस पाणी मिळालं, कारण क्लीव्हलंडप्रमाणे आमच्याकडेही वीज आल्यावर पाणी लगेच भरवशाचं वाटेना. बरेच जण रविवारपर्यंत उकळूनच पीत होते.

आज पाहता

पहिलं, जनरेटर द्यायला नको होता असं मी म्हणणार नाही. देण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा होता: हे इथून गेलं तर इथलं काय थांबेल? पाण्याच्या बाबतीत थोरल्यांनी तोच प्रश्न इंजिनाबद्दल विचारला होता. जनरेटरबद्दल विचारला नाही, कारण तो त्यांच्या डोक्यात वेल्डिंगचा होता.

दुसरं, दुरुस्ती महिनाभर रेंगाळली होती. पर्यायी सोय चालू होती म्हणून मूळ सोय नादुरुस्त आहे हे विसरलं गेलं. हे आमिश घराचं नाही, कुठल्याही घराचं.

तिसऱ्या मुद्द्यावर माझं आणि माझ्या पतीचं अजूनही जुळत नाही. त्यांच्या मते हे घर तरलं ते तार नव्हती म्हणून. मला तसं वाटत नाही. डिझेल, टँकर, प्रक्रिया केंद्र, टेलिफोन केंद्र, गॅसची टाकी: बाहेरच्या जगाला बांधणाऱ्या दोऱ्या त्यांच्याकडेही होत्या. फरक इतका की त्या एकेक करून, विचारून घेतलेल्या होत्या, म्हणून कुठली तुटली हे त्यांना पाच मिनिटांत सांगता येई. २०१३-१४ च्या हिवाळ्यात मिडवेस्टमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागात, प्रोपेन गॅसचा तुटवडा पडला आणि जानेवारीत भाव गॅलनला ४ डॉलरांच्या वर गेला, तेव्हा याच घरातला फ्रिज त्यांनी रिकामा केला आणि सगळं बाहेरच्या बर्फात पुरलं. आमच्या घरी त्या वेळी वीज होती, आणि आम्ही त्यांचा अर्धा डुक्कर आमच्या फ्रीजरमध्ये ठेवून घेतला. शाकाहारी सासूबाई तेव्हा सांगलीला होत्या हे बरं.

आमच्याकडून काय चुकलं? साधा वायरचा फोन तेव्हा वीस डॉलरला मिळत होता. तो आम्ही पुढच्याच आठवड्यात आणला. बोअरवर हातपंप बसवायला मात्र दोन वर्षं लागली.

धाकट्यांच्या गोठ्यात आता कूलरशेजारी फळीवर दुसरी बॅटरी असते. तिच्यावर शेवटची कधी भरली ती तारीख खडूने लिहिलेली. जनरेटर अजून मागेल त्याला मिळतो, पण हँडलला सुतळीने एक पुठ्ठा बांधलाय. त्यावर त्यांच्या पेनसिल्व्हेनिया जर्मन बोलीत आणि खाली आम्हा इंग्लिशांसाठी इंग्रजीत लिहिलंय: आधी दूध बघ.